थंड दिसणारी काच

मी बी. ए. झालो त्या वर्षी राजापेठेत एक काचवाला बसत असे. दिव्याच्या ज्योतीवर फुंकणीने झोत मारून तो काचेचे मणी करी आणि राखेत निववी. मणी उचलण्याआधी हाताची पालथी बाजू त्याच्याजवळ नेऊन तो क्षणभर थांबे.

भातकुलीच्या माळ्याच्या घरातला मी पहिला पदवीधर. एका संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी कचेरीत कारकुनीची लेखी परीक्षा असताना, मी त्या काचवाल्याला उष्णतेचे नियम समजावत उभा होतो. बोलता बोलता राखेतला एक मणी उजव्या हाताने उचलला. बोटे चर्रकन भाजली.

शेजारी उभ्या असलेल्या एका वकिलांनी बोटांना लावायला तूप मागवले. एका मास्तरांनी शाईची दौत उघडली. काचवाल्याने माझे मनगट धरून हात पाण्याच्या बादलीत बुडवला.

"तूप जेवतानी पोईवर लावा, वकीलसाहेब. अन् मास्तर, शाई कागदाले लावा."

"किती वेळ ठेवू?" मी विचारले.

"आग होऊन राह्यली तोवर. लाल काचेले कोनी हात लावत नाई, बाबू. थंड दिसली का शिकलेले लावतात."

दुसऱ्या दिवशी त्याच हाताने पेपर लिहिला, नोकरी लागली. घरच्यांनी श्रेय पदवीला दिले आणि मीही ते मुकाट्याने घेतले. काचवाल्याचे नाव विचारायचे राहूनच गेले. पण कचेरीत साहेब फार शांत दिसले, की अर्ज पुढे करण्याआधी मी आजही दारातच क्षणभर थांबतो.