अण्णाने पाडलेला दात

माझा वरचा, पुढचा, डावा दात अण्णाने पाडला, ही गोष्ट आमच्या घरात फक्त मला मान्य आहे.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी अकरा वर्षांचा होतो. मार्गशीर्षातल्या एळ्ळ अमावास्येला आमच्या धारवाडकडे घरी कोणी जेवत नाही, शेतात जातात. आईने आठवडाभर आधीच तीळ लावून बाजरीच्या कडक भाकरी करून ठेवलेल्या असायच्या. भरली वांगी, शेंगांची चटणी, दही, सगळं बैलगाडीतून निघायचं. अप्पा आधी शेतात चारी दिशांना घास उधळायचे, मग आमचा हल्ला! त्या वर्षी मी फुशारकीने चार भाकरींची चवड एकदम दातांत धरली आणि नेमक्या त्याच क्षणी अण्णाने मागून पाठीत धपका घातला. कड्! दात मातीत.

आईने तो शोधला आणि तिथेच बांधाला पुरला. "राहू दे, भूमीला दिला समज," म्हणाली. (मला कोणी विचारलं नाही.)

अण्णाचं म्हणणं वेगळं. "दात आधी पडला रे! तू ठसकलास म्हणून मी धपका घातला. दात आधी, धपका नंतर!"

आता मी माणूस असा, की सायकलवर पातेली विकत विकत हुबळीत भांड्यांचं दुकान थाटलं. स्वतःच्या लग्नात भटजींशी मंत्रांच्या संख्येवरून घासाघीस केली. पण अण्णाकडून 'चुकलं माझं' हे दोन शब्द पंचेचाळीस वर्षांत सुटले नाहीत! दर एळ्ळ अमावास्येला मी काढता-घालता दात खिशात ठेवून ताकात भिजवलेली भाकरी खायची आणि अण्णाने समोर बसून कडाकडा वाजवायची. गेल्या वर्षी माझा तोल सुटला. भांडण पेटलं. शेवटी अण्णा म्हणाला, "धपक्याशिवाय चार भाकरींची चवड फोडून दाखव की! सगळ्यांदेखत म्हणतो, चुकलं माझं."

सौदा ठरला. खर्चाचा हिशेब करता करता श्रावण उजाडला, तेव्हा कुठे मी विद्यानगरातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"काका, जागा फार वर्षं रिकामी ठेवलीत. हाड झिजलंय," त्या एक्स-रे बघत म्हणाल्या. "आधी तिथे हाड भरू, स्क्रू बसवू, आणि चार महिन्यांनी वर दात."

"चार फार होतात. दीडवर या."

"हाड तुमचं आहे. त्याच्याशी बोलून बघा."

हाड ऐकेना, म्हणून मी ऑपरेशनच अलीकडे ओढलं. गणपतीच्या आदल्या दिवशी, सकाळी पहिला नंबर लावला. "बोहणीचं गिऱ्हाईक आहे," मी म्हटलं. "काहीतरी कमी करा."

"बोहणीला हिरडीत चार सुया आहेत. त्यातली एक कमी करू का?"

मी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेल्या भावाला हो म्हटलं.

घरी आलो तो गालाचा पुरण भरलेला कडबू झालेला. ओठांत कापूस, हातात बर्फाची पिशवी आणि सक्त ताकीद : आज बोलायचं नाही. ही बातमी अण्णाला कोणी दिली कोण जाणे (बायकोने दिली). तासाभरात तो आइस्क्रीम घेऊन हजर! पलंगाशेजारी खुर्ची ओढली, मांडी घातली आणि पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच आपली बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडली.

"दात आधी पडला. खरं की नाही रे वश्या?"

"म्म्म्म!" मी दोन्ही हात हवेत उडवले.

"हो म्हणतायत," बायको म्हणाली.

"म्म्म्म्म्म!"

"अगदीच हो म्हणतायत, भावजी."

मी उशी फेकली. ती गणपतीसाठी बांधलेल्या माळांना लागली, माळा खाली, आइस्क्रीम माझ्या सदऱ्यावर आणि तोंडातून रक्त! डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं, "काकांनी काय केलं?" बायको म्हणाली, "काही नाही, गप्प बसले होते."

चार महिने पेज, मऊ भात आणि उप्पीट. डिसेंबरात दात बसला. अप्रतिम! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या दातांनी कडक काही तोडायचं नाही हं." मी मान हलवली. (कोणत्या दिशेने, ते त्यांनी पाहिलं नाही.)

अमावास्या आली. आता बैलगाडी नाही, आई-अप्पा नाहीत. भाकरी मात्र वहिनीने आईसारखीच केलेली, तीळसुद्धा तेवढेच. अण्णाने घास उधळला. मग तो मुद्दाम वीस पावलं लांब बाभळीखाली जाऊन उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"सगळे साक्षीला आहेत रे! हाण!"

मी चार भाकरी एकावर एक ठेवल्या आणि चावा घेतला.

कड्!

नवा दात जागच्या जागी, डोंगरासारखा उभा. त्याच्या शेजारचा, देवाने दिलेला, पन्नास वर्षांत कधी तक्रार न केलेला दात शेंगांच्या चटणीत!

मी गर्रकन मागे वळून पाहिलं. मागे कोणीही नव्हतं. लांब बाभळीखाली अण्णा तोंड उघडं टाकून उभा. तेवढ्यात भाकरीचा तुकडा घशात गेला, मला जोराचा ठसका लागला, आणि अण्णा धोतर सावरत, ढेकळांतून अडखळत धावत आला. "वश्या! वश्या!" करत त्याने माझ्या पाठीत एक सणसणीत धपका घातला.

दात आधी. धपका नंतर.

 वहिनीने चटणीतून दात उचलला, धुतला आणि आईने पुरला होता त्याच बांधाला पुरला. अण्णा माझी पाठ चोळत बसला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बहुतेक हसण्याचं असावं.

परवा पुन्हा विद्यानगरात गेलो. डॉक्टरीणबाईंनी नवा कागद पुढे ओढला. "काका, हा कसा पडला?"

मी खूप विचार केला. खरं सांगायचं तर कडक भाकरीचं नाव घ्यावं लागणार होतं.

"लिहा," मी म्हटलं, "थोरल्या भावाने पाठीत धपका घातला."