मेणात जपलेला तुकडा

सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं की दादाच्या तळपायाचा मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, यकृतात पोचला आहे. जनुकात ठरावीक बदल सापडला तर गोळ्या देता येणार होत्या. त्या तपासणीसाठी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा, मेणाच्या ठोकळ्यात जपलेला तुकडा शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळच्या लॅबमध्ये न्यायचा होता.

बसवनगुडीच्या इस्पितळात असे ठोकळे सांभाळणारे गृहस्थ बेळगावकडचे होते. त्यांनी ठोकळा तळहातावर घेतला, त्यावरचा नंबर दोनदा मोठ्यानं वाचला आणि कापसात गुंडाळला.

"उन्हात धरू नका, अक्का. मेण आहे. परवा एकांनी डब्याच्या पिशवीत ठेवला बघा, गरम सांबाराला चिकटून!"

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा हसले.

मग ते म्हणाले, "सगळा कापू नका म्हणावं. स्वल्प उरवून परत आणा. उद्या नवीन औषध निघालं तर लागेल."

तो बदल सापडला नाही. दादा श्रावणात गेला. उरलेला ठोकळा मी त्या गृहस्थांकडे परत द्यायला गेले. त्यांनी नंबर वाचून तो कपाटाच्या खणात ठेवला आणि म्हणाले, "राहू दे इथं."

दादाचे कपडे आम्ही वाटून टाकले. तो तुकडा अजून त्या खणात आहे.