एकवीस पन्ह्याचा टीव्ही

या पानावर लोक जे अनुभव लिहितात ते मी नेमाने वाचते आणि बहुतेक वेळा हसते. कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाची मोटारसायकल ठराविक वळणावरच बंद पडते... अहो, मोटारसायकल बंद पडायला भूत कशाला लागतं, प्लग साफ न करणारा मालक पुरतो. मी धारूरच्या शाळेत नोकरीभर विज्ञान शिकवलं. अंगात येणाऱ्या बायकांना मी ‘आधी पाणी प्या, मग सावलीत बसा’ एवढंच सांगत आले. तरीही आज लिहायला बसलेय. एक गोष्ट माझ्या विज्ञानात काही केल्या बसत नाही, आणि ती घडली चक्क टीव्ही किती इंची घ्यायचा या वादातून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या यांचं, म्हणजे विश्वनाथरावांचं, धारूरच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. घाट चढून गावाकडे येताना वर एक माळ लागतो. तिथे आमचा एक तुकडा होता, बरड, कुसळांशिवाय काही न उगवणारा. यांनी तिथे दोन खोल्या आणि लांबलचक व्हरांडा बांधून काढला. भाड्याने द्यायला. आणि तेही बिऱ्हाडकरूंना नाही, सुट्टीला येणाऱ्यांना! परळी-अंबाजोगाईचं देवदर्शन करून माणसं इकडे येतील, वारा खातील, किल्ला बघतील, खालची दरी बघत चहा पितील असा यांचा मनसुबा.

“लोक म्हाबळेश्वरला जात्यात, मग धारूरला कावून येनार न्हाईत?” हे विचारायचे.

सगळं गाव हसलं. आमच्याकडे माणूस येतो तो बदली होऊन, हवा खायला नाही. मीही पदराआड हसून घेतलं. पण हसणाऱ्यांचे दात घशात गेले, कारण लातूरच्या एका कुटुंबाने मे महिन्यासाठी जागा पक्की केली. अट एकच — रंगीत टीव्ही पाहिजे, पोरं त्याशिवाय राहात नाहीत. केबल नुकतीच गावात आली होती आणि वायर माळापर्यंत ओढून द्यायला केबलवाला तयार होता. प्रश्न फक्त टीव्ही केवढा घ्यायचा, हा.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. यांची नजर जात होती. चाळिशीही गाठली नव्हती तेव्हा. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजत चाललाय आणि त्यावर इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कडेकडेचं थोडंफार दिसायचं. पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच जायचं. समोरच्या माणसाचे खांदे दिसायचे, हात दिसायचे, चेहऱ्याच्या जागी धूर. गिऱ्हाईक आवाजावरून ओळखायचे आणि कापड बोटांवरून. दुकानात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. मला मात्र एकदा जेवता जेवता म्हणाले होते, “दुकानाचं काय, दुकान अंदाजानं चालंल गं. पन तू म्हातारी झालेली मला दिसनार न्हाईस. तेवढंच लई लागतंय.” मी उठून भाकरी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि चुलीपाशी तशीच उभी राहिले. भाकरी टोपल्यात होत्याच.

तर टीव्ही. माझं म्हणणं, खोली ती केवढीशी, चौदा इंची पुष्कळ झाला. भिंतीला टेकून बसलं तरी पाच-सहा हात अंतर. एवढ्याशा खोलीत मोठा टीव्ही आणला तर पाहुणे त्याच्या अंगावर बसतील, डोळे दुखतील. यांचं म्हणणं, एकवीसच्या खाली बात नाही. मला वाटलं, शेठजींना थाट करायचाय. मी टोमणाही मारला. मग ध्यानात आलं — यांना माणसांची तोंडं बघायची होती. मोठ्या काचेवर मोठी झालेली तोंडं कडेच्या नजरेने का होईना, दिसतील म्हणून. हे कळल्यावर मी भांडायचं सोडलं. पण हार मानली असं तोंडाने म्हटलं नाही. शिक्षिकेला ते जमत नाही.

मग यांनी आपल्या पद्धतीने निकाल लावायचं ठरवलं. दुकानातून पांढरं मांजरपाट आणलं, त्याचे चौदाचा, वीसचा आणि एकवीसचा असे तुकडे फाडले. एकेक भिंतीला ठोकायचा, समोर बसायचं, बरा वाटेल तो टीव्ही आणायचा. कल्पना नामी होती. फक्त कापड दुकानदाराने मोजलेलं होतं, म्हणजे पन्ह्याने. या काठापासून त्या काठापर्यंत, आडवं.

“अहो, टीव्ही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. कर्ण म्हणतात त्याला. तुमचे तिन्ही तुकडे मोठे झालेत.”

“तिरपं? कापडाला कुनी तिरपं मापतंय का?”

“ते कापड नाही, टीव्ही आहे.”

“मंग टीव्हीवाल्याला म्हनावं, सरळ मापायला शिक.”

त्यापुढे कर्णाचा सिद्धांत काय कामाचा! एकवीस इंच पन्ह्याचा तुकडा भिंतीवर गेला. असा टीव्ही कुठल्याच दुकानात नव्हता.

एप्रिलची दुपार होती. ऊन असं की माळावरची कुसळंसुद्धा पांढरी दिसत होती. आम्ही दार-खिडकी लावून घेतली. खिडकी पूर्वेची, दरीवरची, नव्या फळ्यांची. त्यातल्या एका फळीतली गाठ निसटून हरभऱ्याएवढं भोक पडलं होतं. खोलीत मिट्ट काळोख झाला आणि डोळे जरा सरावले तशी मी आनंदाने ओरडलेच. कापडावर चित्र उमटलं होतं! दरी, घाटाचा रस्ता, वळणावरचं लिंबाचं झाड... सगळं फिकट, पाण्यात रंग सांडल्यासारखं, आणि उलटं. आभाळ खाली, रस्ता वर.

यात काहीही अमानवीय नाही. सूचिछिद्र कॅमेरा. दरवर्षी पुठ्ठ्याचं खोकं घेऊन मी वर्गात हेच करून दाखवायचे. आता आख्खी खोलीच खोकं झाली होती आणि आम्ही दोघं आत. यांना समजावून सांगायला लागले, प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून चित्र उलटं पडतं...

“उलटं कुठंय?” हे बाजेवरून म्हणाले. “सरळ तर हाय.”

चित्र सरळ की उलटं हा प्रश्नच नव्हता. त्या उजेडात यांना कापडाचा चौकोन तरी दिसत होता की नाही, देव जाणे. माझं मन राखायला बोलतायत असं मला वाटलं.

“यष्टी थांबली बघ वळनाला. डायवर उतरून तोंड धुतोय.” मग जरा थांबून, “मिशा भारी हायत गड्याच्या.”

कापडावर एसटी होती, नखाएवढी, टपावर उभी. मी खिडकीची फळी किलकिली करून बघितलं. खाली लांब वळणावर खरोखरच एसटी थांबली होती आणि कुणीतरी वाकून उभं होतं. मिशा मला डोळस असूनही दिसल्या नाहीत. मी मनात म्हटलं, इंजिन बंद झाल्याचा आवाज ऐकला असेल, आंधळ्याचे कान तिखट असतात. आणि फळी परत लावली.

बराच वेळ आम्ही तसेच बसलो. बाहेर वारा नव्हता, खोलीत नवीन चुन्याचा वास होता. एसटी कापडावरून तरंगत निघून गेली. मला सुस्ती आली होती. झोप नव्हे, पण जागंही म्हणता येणार नाही असं काहीतरी. इतकी शांत दुपार लग्न झाल्यापासून आमच्या वाट्याला आली नव्हती.

“कुनीतरी येतंय वर,” हे हळूच म्हणाले. “बाई हाय.”

कापडावरचा रस्ता रिकामा होता. मी नीट बघितलं. झाड होतं, वळण होतं, माणूस नव्हतं.

“कशी आहे?”

“म्हातारी. चष्मा लावलाय. म्होरचे केस पांढरे झालेत... डावी भुवई बी पांढरी हाय, उजवी काळीच. पदर खोचलाय. मधीच थांबती, कमरंवर हात ठेवती, झाडाकडं बघून काहीतरी बडबडती.” आणि हसले. “झाडाला बी शिकवती वाटतं.”

“कोण आहे हो?”

मी बाजेवर त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांची मान कडेला वळलेली नव्हती. गेली दोन-तीन वर्षं काहीही बघायचं तर हे मान तिरकी करायचे, कोंबडीसारखी, तिरप्या नजरेने. आता मात्र सरळ समोर बघत होते.

“तूच की,” म्हणाले. “दुसरं कोन असनार?”

मला भीती वाटली नाही. खिडकी दोन पावलांवर होती. फळी उघडली असती तर लगेच खरंखोटं झालं असतं. जन्मभर पोरांना ‘स्वतः पडताळून पाहा’ म्हणून कानीकपाळी ओरडणारी मी — पण मी फळी उघडली नाही. उजेड आत आला असता आणि ती बाई पुसली गेली असती. मी यांचा हात धरून बसले आणि रिकामा रस्ता बघत राहिले. हे मधूनमधून बोलत होते, “आता चढ संपला... आता व्हरांड्यापाशी आली...” ऊन कलेपर्यंत. मग कापड नुसतंच कापड राहिलं. यांचे डोळे वाहत होते आणि चेहरा हसरा होता. मीही रडून घेतलं, मोकळेपणाने.

“मास्तरीन,” म्हणाले, “तुला परवडंल तेवढा बारका टीव्ही घे. मला आता तोंडं बघायची न्हाईत.”

आम्ही चौदा इंची घेतला. लातूरची मंडळी आली, पोरं टीव्हीला चिकटली, मोठी माणसं व्हरांड्यात बसून दरी बघत राहिली. पुढच्या वर्षी आणखी दोन कुटुंबं आली. यांची नजर त्यानंतर हळूहळू पूर्ण गेली. उजेड-अंधारही कळेना. पाहुण्यांना दरी कुठून बघायची ते मात्र हेच सांगायचे, अजून सांगतात.

मी नंतर पडताळणी केली नाही असं समजू नका. तेच कापड, तीच दुपार, तेच भोक. चित्र दरवेळी उलटंच आलं. यांना तर काहीच दिसलं नाही. मनाचे खेळ असतील, इच्छा डोळ्यांपुढे उभी राहते, हे मलाही कळतं. केस पांढरे होणार, चष्मा लागणार हे कुणीही सांगेल. पण माझी डावी भुवई पन्नाशीनंतर पांढरी झाली, एकटी डावी. उजवी अजून काळी आहे. डॉक्टर म्हणतात, होतं असं कुणाकुणाला. होत असेल. ते त्या दुपारी यांना कसं कळलं, याचं उत्तर डॉक्टरांकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा, फक्त लिंबू-मिरचीचं नको.

मागच्या सुट्टीत औरंगाबादहून एक बाई आल्या होत्या, बोलक्या आणि मनाने हळव्या. सकाळी मी चहा घेऊन व्हरांड्यात येत होते, तेव्हा त्या यांना म्हणत होत्या, “काका, किती वाईट वाटत असेल हो... काकूंना तुम्ही तरुणपणीच बघितलं, ते तेवढंच.”

“तेवढंच कसं?” हे म्हणाले, आणि माझ्या पावलांच्या रोखाने तोंड वळवलं. “म्हातारी झालेली बी बघितली की. तवापेक्षा आता जास्ती छान दिसती.”