काकूच्या सायकलची जाळी

गेल्या मंगळवारी सकाळी ओढ्याच्या उतारावर रुक्मिणकाकू सायकलवरून पडली. पदर मागच्या चाकात गेला, मनगट मोडलं आणि दुधाचा कॅन रस्त्यावर उपडा झाला... मी मागूनच येत होते. पोहोचेपर्यंत त्या तापलेल्या मातीनं सगळं दूध पिऊन टाकलं होतं.

चार दिवस झाले, राग काही उतरत नाही. म्हणून लिहिते आहे.

मी वडवणी तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेत सचिव आहे. दुष्काळामुळे दूध इतकं आटलं की गावात येणारा टेम्पोच बंद झाला. तेव्हापासून आम्ही चौघी बायका सायकलवर कॅन बांधून डांबरी रस्त्यापर्यंत नेतो, तिथं टँकर थांबतो. काकू वस्तीवरचं दूध आणते. पन्नाशीनंतर सायकल शिकलेली बाई... गुडघे फोडून घेतले, पण शिकली.

वस्तीवर सायकल चालवणारं दुसरं कुणी नाही. काकूची सायकल बंद म्हणजे तिथलं दूध बंद, आणि दूध बंद झालं की तिथल्या गायी बाजारात. हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

तर आमचे चेअरमन अण्णा मागच्या महिन्यात पुण्याला गेले होते. तिथं पहाटे टेकडीवर जाणारे सायकलवाले बघून आले आणि डोक्यात घेतलं की आपल्या बायकांनाही असंच किट द्यायचं. आम्हाला विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. रोज सायकल चालवणाऱ्या बायकांना काय लागतं, हे म्हणे आम्हाला काय कळणार!

किट आलं. अंगाला चिकटणारा काळा नायलॉनचा टी-शर्ट, पाठीवर अण्णांचा हसरा फोटो. अर्ध्या बोटांचे हातमोजे, काळा गॉगल आणि बसलं की जीव जाईल अशी अरुंद सीट. एप्रिलच्या उन्हात काळं नायलॉन... ज्यानं हे निवडलं त्याला एक दिवस घालून वस्तीवर पाठवायला हवं होतं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सायकली हलक्या करायच्या म्हणून अण्णांनी मडगार्ड काढायला लावले. म्हणाले, चिखल बघून दोन वर्षं झाली, मडगार्ड कशाला हवेत? त्याच झपाट्यात चेनकव्हर गेलं आणि पदर अडकू नये म्हणून असते ती मागच्या चाकाची जाळीही गेली.

काकू रोज साडीवर नवऱ्याचा जुना, फुल बाह्यांचा सुती शर्ट घालायची. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्याकडच्या सगळ्या बायका घालतात तसाच. ऊन लागत नाही, घाम टिपला जातो, आणि मुख्य म्हणजे पदर आत घट्ट राहतो. हँडलच्या मुठींना जुनी ट्यूब, सीटवर गोधडीचा तुकडा, डोक्याला पंचा... बाईनं स्वतःचं किट स्वतः जमवलं होतं. ते सगळं बंद करून तिला टी-शर्ट घालायला लावला आणि पदर बाहेर मोकळा राहिला.

दुसऱ्या दिवशी संस्थेत बैठक झाली. अण्णा म्हणाले, बायकांनी पदर सांभाळायला पाहिजे.

माझं डोकंच फिरलं. काकूची सायकल ओढत ऑफिसच्या दारात आणली, मागं भरलेला कॅन बांधला आणि अण्णांना म्हटलं, जरा ओढ्यापर्यंत जाऊन या. अण्णा धोतर नेसतात. तरुणपणी सायकलवरून परळीपर्यंत जायचो, हे आम्ही त्यांच्याकडून शंभरदा ऐकलं आहे. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार?

ऐटीत आले. सायकल मी धरून ठेवली होती. सवयीनं धोतराचा सोगा एका हातात गोळा केला, पाय टाकणार तेवढ्यात खाली वाकून बघितलं. दुसरा हात चेनपाशी गेला आणि तिथंच थांबला.

"हिचं कव्हर कुठं हाय बे?" त्यांनी शिपायाला विचारलं.

शिपायानं वर ऑफिसच्या माळ्याकडे बोट केलं, काढलेली कव्हरं आणि जाळ्या तिथंच पडल्या होत्या. अण्णांनी सोगा सोडला, सायकल स्टँडला लावली आणि आत गेले... संध्याकाळपर्यंत चारही सायकलींना कव्हर आणि जाळ्या परत बसल्या. माफी मात्र अजून कुणी मागितलेली नाही.

आता माझं सांगते, कारण नुसतं अण्णांवर ओरडून मला मोकळं होता येणार नाही. किटवाटपाचा फोटो मी इथंच टाकला होता, तुम्हीही भरभरून लाईक दिले. त्यात काकू पदर मुठीत धरून उभी आहे. फोटोच्या आधी तिनं मला हळूच विचारलं होतं, "बाई, जाळी कावून काढली?" आणि कारण सांगायचं सोडून मी म्हटलं होतं, आधी फोटो होऊ दे.

मी पंजाबी ड्रेस घालून, ओढणी गाठ मारून सायकल चालवते. माझ्याही सायकलची जाळी काढली होती, पण त्यानं मला फरकच पडला नव्हता. तो फोटो आज काढून टाकला.

काल काकूकडे गेले आणि हे सगळं तिला सांगितलं. पुन्हा सायकलवर बस, असं म्हणायचं तोंड मला नव्हतं. प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून तिनं ऐकून घेतलं. मग खुंटीवरचा तो जुना शर्ट काढून माझ्यापुढे टाकला.

"ते मरू दे. ह्याची वरची गुंडी तुटलीय, तेवढी लावून दे. एका हातानं जमंना मला. प्लॅस्टर निघंस्तोवर तयार पायजे."

गुंडी लावली. दोरा दुहेरी घेतला... काकू, तुझे उपकार आहेत गं.