तक्रार घेऊन लोणावळ्याला

सहाला पुण्याहून निघायचं ठरलं होतं, निघाले सव्वासातला. मधला वेळ सायकलच्या मागे बांधायच्या पाटीवर ‘रस्ता सर्वांचा’ लिहावं की ‘रस्ता कुणाच्या बापाचा नाही’ लिहावं, या वादात गेला. आमच्या सायकल गटाची सायली फोनवर सौम्य पाटीच्या बाजूनं होती, मी बापाच्या. बाप जिंकला. मग दोरी सापडेना, म्हणून पाटी घरीच राहिली.

लोणावळ्याच्या पोलिसांनी मला जबाबासाठी बोलावलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी कामशेतहून पवनेच्या बाजूला जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर समोरून आलेला एक पिकअप (पोती वाहणारा छोटा टेम्पो) माझ्या अंगावर आला आणि मी सायकलसकट भाताच्या खाचरात (बांध घातलेल्या शेतात) पडले. मी माझ्या बाजूच्या मधोमध चालले होते. कडेनं चालवणं म्हणजे शरणागती, असं आमच्या पत्रकात छापलेलं आहे आणि आमची पत्रकं मीच लिहिते. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. त्यातले नऊ सेकंद मी फोनवर उभे बसतील असे कापले, गाडीच्या नंबरभोवती लाल गोल काढला, वर ‘हा खुनी कोण?’ असं लिहिलं आणि टाकून दिलं. मी जिवंत होते, पण ते बारीक अक्षरात लिहायलाही जागा उरली नव्हती. आमच्या गटाचं काहीही इतक्या लोकांनी कधी पाहिलं नव्हतं. त्याच तिरीमिरीत तक्रार अर्जही दिला. तो कामशेतला द्यायला हवा होता. लोणावळ्याला दिला, कारण पवनेला वळसा घालून गटाचा नाश्ता लोणावळ्याला ठरला होता.

आता ड्रायव्हर सापडला होता. मालकानं त्याच्याकडून गाडीची चावी काढून घेतली होती आणि माझ्या जबाबावर त्याच्या परवान्याचं काय ते ठरणार होतं. हे फोनवर कळलं तेव्हा मी सायलीकडे पेढे मागितले. खरंच मागितले.

अशा कामाला बसनं जाणं मला तत्त्वात बसेना, म्हणून सायकलनं निघाले. देहूरोडला एका कारवाल्यानं काच खाली करून “ए सर्कस!” असं ओरडून मला ओलांडलं. मी जीव खाऊन पुढच्या सिग्नलला त्याला गाठलं आणि खिडकीतून पत्रक दिलं. त्यानं ते शांतपणे घेतलं, बाहेर हात काढून समोरची काच पुसली आणि थँक्यू म्हणाला. सोमाटण्याचा फाटा येईपर्यंत मी त्याला द्यायची उत्तरं तयार केली. एकाहून एक सरस होती.

वडगाव सोडलं की डोंगर जवळ यायला लागतात. श्रावण सरत आला होता. दोन्ही बाजूला भात पोटरीला लागलेला, ढग डोंगराच्या कमरेशी टेकलेले. हे सगळं मी नीट पाहिलं नाही. मी ओव्हरटेक करणाऱ्यांच्या चुका मोजत होते.

कान्ह्याला चहाला थांबले. टपरीपाशी चार-पाच जण नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात जाण्यासाठी कंपनीच्या बसची वाट पाहत उभे होते. कामगार आणि सायकल! याच माणसांसाठी तर आमचा लढा. मी पत्रकं वाटली.

“तुम्ही सायकलनं का नाही जात कामाला?” एकाला विचारलं.

“गेलतो की. तीन वर्सं.”

“मग सोडलं का?”

“लगीन झालं.”

बाकीचे हसले. मला संबंध लागेना. तो म्हणाला, “बायको म्हनली, ट्रकांच्या मधनं तू सायकलीनं येनार आन मी दारात उभी राहनार, हे रोजचं जमायचं न्हाई मला. घेतली मग मोटरसायकल. आता बस हाय.”

हे आमच्या पत्रकात नव्हतं. मी वहीत लिहून घेतलं, ‘कौटुंबिक दबाव’. बस आली तेव्हा माझी पत्रकं ओल्या बाकावर अंथरलेली होती. बसायची सोय झाली, एवढा तरी उपयोग.

कामशेतच्या बाजारात शिरता शिरता मागचं चाक बसलं. पंक्चरच्या दुकानात सायकल उलटी केली, हेल्मेट हँडलला अडकवलं आणि समोरच्या हॉटेलातून वडा आणून स्टुलावर बसले. शेजारच्या तांदळाच्या दुकानात पोती उतरत होती आणि सगळ्या गल्लीला नव्या पोत्यांचा वास येत होता. तेवढ्यात एक आबा काळी सायकल ढकलत हवा भरायला आले. सत्तरीचे असतील. कॅरियरला गवताची काडी लागलेला दोर गुंडाळलेला.

खरा सायकलवाला! सकाळपासून शेकडो गाड्यांनंतर पहिला. मी वडा बाजूला ठेवून पत्रक पुढे केलं.

“चष्मा न्हाई,” आबा म्हणाले. “वाचून दाव.”

मी वाचून दाखवलं, सभेत वाचते तसं. समोरचा वडेवालाही कढईवरून ऐकू लागला.

“बराबर हाय,” आबा म्हणाले. “गाडीवाले लय माजल्यात. पर समदे न्हाई. आता आमचा बबनच घ्या. तीन हप्त्यामागं मी पवनेच्या रस्त्यानं सायकलीवर गवताचा भारा घेऊन चाललोवतो. भारा कलंडला. सायकल आली रस्त्यात आन मी तिच्याखाली. मागनं बबनची गाडी, पोत्यांनी भरल्याली. त्यानं पलीकडच्या अंगाला घातली म्हनून मी आज हितं हवा भरतोय.”

“पलीकडे कुणी नव्हतं?” माझा आवाज जरा चिरकला.

“व्हतं की! एक येडं पोरगं. डोक्यावर कलिंगडाची फोड घातल्यालं. पार रस्त्याच्या मदी. म्हनलं, गेलं आता हे. पर पडलं खाचरात, आन उठून शिव्या द्याया लागलं. आवाज बाईमानसासारखा त्याचा. पर शिव्या…” आबांनी मान हलवली. “शिव्या लय पोचल्याल्या.”

पंक्चरवाल्यानं हँडलला लटकणाऱ्या माझ्या हेल्मेटकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग त्यानं ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुड्यांकडे फार लक्ष देऊन बघू लागला.

मी फोन काढून न कापलेला व्हिडिओ लावला. नऊ सेकंद मी शंभरदा पाहिले होते, पण हा पूर्ण असा कधीच नाही. कारण मी पडल्यानंतर त्यात माझ्या शिव्या सुरू होतात आणि त्या मला स्वतःलाच ऐकवत नाहीत. चित्राच्या उजव्या कडेला हिरवा ढीग होता. व्हिडिओ उभा करताना मीच तो कापून टाकला होता. बांधावरचं गवत उगाच लक्ष वेधून घेतंय, असं तेव्हा वाटलं होतं. आता नीट पाहिलं तर त्या गवताखाली एक चाक फिरत होतं.

पुढे माझ्या शिव्या आणि चिखलानं अर्धी झाकलेली कॅमेऱ्याची काच. त्यातूनही दिसत होतं, पिकअप थांबलेला, एक माणूस धावत गेला, त्यानं भारा उचलून फेकला आणि खालच्या म्हाताऱ्याला काखेत हात घालून उठवलं. सायकलवाल्यांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या माझ्या संपूर्ण मोहिमेत सायकलखाली सापडलेला एकच माणूस होता, आणि मी त्याला गवत समजून छाटलं होतं.

आबांना फोन दाखवला.

“आरं, ह्यो तर मी!” ते खूश झाले. “आन ह्ये त्ये पोरगं…” हेल्मेटकडे नजर गेली. मग माझ्याकडे वळून ते थांबले. “तू व्हय?”

“हो.”

“लागलं न्हाई न्हवं गं फार?”

गटातल्या सगळ्यांनी व्हिडिओ किती लोकांनी पाहिला ते विचारलं होतं. हे विचारणारे आबा पहिलेच. मी नाही म्हटलं आणि तोंडात वडा कोंबला, म्हणजे पुढे बोलावं लागणार नाही.

कामशेत सोडल्यावर सायलीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “पूर्ण व्हिडिओ बाहेर आला तर सगळे गाडीवाले आपल्यावर तुटून पडतील. सलोख्यासाठी मागे घेते असं म्हण. खोटं नाही ना ते?” खोटं नव्हतं. मला ते इतकं आवडलं की कार्ल्याच्या फाट्यापर्यंत मी त्या वाक्याला झिलई देत होते. ‘सामाजिक सलोख्याच्या व्यापक हितासाठी’ असं वरसोलीला सुचलं. लोणावळ्यात शिरले तेव्हा पर्यटकांच्या गाड्या चिक्कीच्या दुकानांसमोर एकमेकींना चिकटून उभ्या होत्या आणि मी त्यांच्यामधून या वाक्याच्या जोरावर ऐटीत गेले.

ठाण्यात टेबलामागे एक हवालदार मॅडम होत्या. बाकावर दोघे होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला, चाळिशीचा, गुडघे जुळवून बसलेला तो बबन. शेजारी त्याचा मालक, त्याला तो शेठ म्हणत होता. शेठच्या बोटात गाडीची चावी फिरत होती. मी उभ्यानं माझं वाक्य म्हटलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे तक्रार खरी की खोटी?”

“मागे घेतेय.”

“ते कळलं. खरी की खोटी?”

शेठ मध्ये बोलला, “मागं घेऊन काय करू ताई? गाव त्यो व्हिडिओ बघतंय. दोन दुकानांनी मला सांगितलं, ह्या ड्रायव्हरला पाठवायचा न्हाई. तुमी मागं घेतली म्हंजे लोक म्हननार, मालकानं दाबलं.”

मी बबनकडे पाहिलं. तो मॅडमशी बोलत असल्यासारखा टेबलाकडे बघून म्हणाला, “बिरेक मारलावता मी. वला रस्ता, मागं चाळीस पोती. गाडी थांबंना. आबाला वाचवलं, मंग ताईंकडं बघितलं तर त्या उभ्या राहून बोलत व्हत्या. म्हनलं, बऱ्या हायती.” मग म्हणाला, “माझी पोरगी आठ दिस झाले साळंत जात न्हाई. पोरी तिला खुन्याची म्हनत्यात.”

तो शब्द माझा होता. लाल अक्षरात, प्रश्नचिन्हासकट.

“खोटी,” मी मॅडमना म्हटलं. “म्हणजे मी पडले ते खरं. बाकीचं मला दिसलं नव्हतं. आणि जे दिसलं असतं ते मी कापलं.”

“असंच लिहू?”

“असंच लिहा.”

जबाब झाला. सही केली. मग फोन टेबलावर ठेवून त्या सगळ्यांसमोर पूर्ण व्हिडिओ टाकायला घेतला. खाली लिहिलं, ‘मी चुकले. यांनी एका सायकलवाल्याचा जीव वाचवला. मी तो सायकलवाला कापून टाकला होता.’ टाकण्याआधी मॅडम म्हणाल्या, दाखवा आधी. मी लावला आणि आवाज बंद करायचा राहिला. माझ्या शिव्या एकापाठोपाठ एक बाहेर आल्या, चांगल्या मोठ्यानं. आतल्या खोलीतून एक शिपाई दारात येऊन उभा राहिला. बबननं मान खाली घातली.

“ही शेवटची कुठली?” मॅडमनी विचारलं. “पुण्याची का?”

“आमच्या पेठेतली,” मी म्हटलं.

शेठला हसू आवरेना. हसता हसताच त्यानं चावी बबनच्या मांडीवर टाकली. “चल. पोती पडल्यात.”

बबननं चावी उचलली नाही लगेच. आधी शर्टाला हात पुसले.

मी चिक्की न घेता परत निघाले. फोन खिशात थरथरत होता. पाहिलं, तर गाडीवाले आनंदानं माझे लचके तोडत होते. ‘बघा, हे असे सायकलवाले.’ कुणीतरी शिव्यांची यादी करून क्रम लावला होता. गटात सायलीनं एवढंच लिहिलं होतं, ‘आता पत्रकं काही दिवस मी लिहिते.’ ते बरोबरच होतं. आणि तरीही सांगते, देहूरोडचा तो काच पुसणारा माजोरडाच होता. एकाच्या बाबतीत मी चुकले म्हणून बाकीचे रातोरात संत होत नाहीत.

कामशेतच्या अलीकडे चढावर काम चालू होतं आणि गाड्यांना एकच पट्टा उघडा होता. मी धापा टाकत चढत होते. मागे एक गाडी आली आणि मागेच राहिली. हॉर्न नाही, काही नाही. वळून पाहिलं तर बबनचा पिकअप, चारही दिवे लुकलुकवत, माझ्या वेगानं. त्याच्या मागे मुंबईहून आलेल्या गाड्यांची रांग आणि त्या सगळ्या बोंबलत होत्या. शेठनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलेलं.

“अय! दिसत न्हाई का? बाई चाललीया!” तो मागच्यांवर ओरडत होता.

इतकी वर्षं मी हेच मागत होते. गाड्यांनी माझ्यामागे, माझ्या वेगानं, गुमान चालावं. ते मिळालं आणि लाजेनं माझा जीव जायची वेळ आली. मी उभं राहून पेडल मारले, पण चढ काही संपेना. शेवटी खडीवर उतरले आणि हातानं त्यांना पुढे जा म्हटलं.

पिकअप माझ्याशेजारी थांबला. “उतरला का ताई? आमाला घाई न्हाई,” बबन म्हणाला.

“मागच्यांना आहे.”

“त्यांचं असूं द्या.” त्यानं स्टिअरिंगवर हात ठेवला. “उद्या पोरगीला साळंत सोडाया हीच गाडी घेऊन जानार हाय. दारापत्तर नेनार. समद्या पोरींच्या म्होरं उतरवनार.”

“मी येऊ का?” मी विचारलं. “मी सांगते त्यांना.”

मागून हॉर्नचा कल्लोळ चालला होता आणि शेठ पुन्हा खिडकीबाहेर निघाला होता.

“या,” बबन म्हणाला. “साडेधाला साळा भरती. पर ताई,” त्यानं आवाज खाली आणला, “पोरींम्होरं त्ये… ठान्यात ऐकलं तसं नगा बोलू.”

त्या रात्री मी पुण्याला गेलेच नाही. वडगावला मावशीकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी वीस मुलींसमोर, हेल्मेट हातात धरून, मी कशी खाचरात पडले आणि कुणी कुणाला वाचवलं ते सांगितलं. मी आजवर पुष्कळ सभा घेतल्या आहेत, इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं. दोन वेण्या घातलेली बबनची मुलगी गाडीतून उतरली, माझ्याकडे एकदाही न पाहता वर्गात गेली. तिच्या जागी मीही पाहिलं नसतं. पण ती आत गेली, आणि बबन फाटक बंद होईपर्यंत तिथेच उभा होता.