भिंती नसलेल्या स्वयंपाकघरातला वास

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. ठाण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात पंधरा वर्षं नकाशे काढतेय... जे टेपने मोजता येत नाही त्याच्याशी माझं फारसं जमत नाही. तरी लिहितेय, कारण हे भर दुपारी घडलं आणि आम्ही तिघांनी अनुभवलं.

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. जुनं मातीचं घर पावसाळ्यात मागच्या बाजूने बसलं. ते पाडून त्याच जागी नवीन बांधायचं ठरलं, नकाशा मी काढला. त्यात स्वयंपाकघर पुढे घेतलं – अंगणाकडे, दोन मोठ्या खिडक्या. जुन्या घरात ते मागे, डोंगराला चिकटून होतं. दिवसासुद्धा मिणमिणता बल्ब लावावा लागे. माझ्या आईचा सगळा संसार त्या काळोखात गेला. ती जाऊन आता चार वर्षं झाली.

वाडीत कुजबुज सुरू झाली. सगळ्यात जास्त विरोध तात्यांचा, म्हणजे माझ्या काकांचा. वडिलांच्या मागे घरात मोठे तेच. चूल पुढे आली की बरकत दारातून बाहेर जाते, येणारा-जाणारा बायका काय शिजवतात ते बघतो, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, बघू दे. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. तरी रोज येऊन आंब्याखाली बसायचे मात्र.

चैत्र होता. जोतं भरून झालं होतं, वर एक वीटही नव्हती. मजूर खाली ओढ्यावर जेवायला गेलेले. मी आणि दासगावचे गणपत मिस्त्री दोरी लावून खोल्या आखत होतो. स्वयंपाकघराच्या चौकोनात पाय ठेवला आणि वास आला... कुळथाच्या पिठीचा. लसणाची फोडणी, कोकम – आत्ताच झाकण काढल्यासारखा. दोरीच्या बाहेर आले, काही नाही. पुन्हा आत – वास.

काहीच न सांगता मिस्त्रींना आत बोलावलं. ते थबकले, इकडेतिकडे बघत म्हणाले, "ताई, पिठी कोन करतंय?"

आमचं काय चाललंय ते बघायला तात्या उठून आले. चौकोनात उभे राहून त्यांनी वास घेतला. मला वाटलं, आता अपशकुनाचं सुरू होणार.

"वैनीची पिठी हाय," ते हळूच म्हणाले. मग पुन्हा वास घेऊन, "पन लसूण करपलेला नाय."

आईच्या पिठीत लसूण कायम करपायचा. त्या अंधारात तिला फोडणीचा रंगच दिसत नसे. आणि ताटावर बसून तिला त्यावरून बोलायचे ते हेच तात्या.

पाच-सात मिनिटांत वास गेला. तात्या घाबरले होते. काम थांबव, आधी भगताला विचारू, म्हणाले. मिस्त्रींचंही तेच मत पडलं.

"कोणाला विचारायचं नाही," मी म्हटलं. "चूल इथंच होणार." आणि त्यांच्यासमोरच नकाशा उघडून दोन्ही खिडक्या एकेक फुटाने रुंद केल्या.

नंतर मी खूप शोध घेतला. सगळ्यात जवळचं घर ओढ्यापलीकडे. त्याला कुलूप, माणसं मुंबईला. मजुरांच्या डब्यात भाकरी आणि सुकट होती. वाराही पडलेला. बरं, वारा असता तरी वास दोरीपाशी कसा थांबेल?

घर झालं, राहायलाही आलो. तो वास पुन्हा कधी आला नाही. जागा बाधलेली आहे, असं वाडीत अजून काहीजण म्हणतात. स्वयंपाकघर पुढे का, असं पाहुण्यांनी विचारलं की तात्या एवढंच सांगतात, "आमच्यात असंच हाय."

त्या दुपारचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण तेवढ्यासाठी घरातल्या बाईने पुन्हा अंधारात जाऊन बसायचं... ते मी होऊ देणार नाही.