धुतलेलं जाकीट

त्या दिवशी पुण्यात, राज्य स्पर्धेआधीच्या तपासणीत, माझं जाकीट नापास झालं. माझ्या वडिलांनी अण्णासाहेबांसमोर हात जोडले. अण्णासाहेबांनी माझ्या हातातली रायफल काढून घेतली. मी खेळले नाही. आम्ही एसटीनं परत आलो.

घडलं ते एवढंच. वडील त्यानंतर काही वर्षं जगले, कामावर गेले, जेवले, झोपले. पण ते जोडलेले हात पुन्हा खाली आलेले मला कधी दिसलेच नाहीत. अजून दिसत नाहीत.

आमचं गाव नांदूरघाटच्या पलीकडं. वडील शाळेत शिपाई होते. शाळा अण्णासाहेबांची. कॉलेज त्यांचं, वसतिगृह त्यांचं, गावाला लागून असलेला ऊस त्यांचा. मुलाला नेमबाज करायचं म्हणून शाळेमागच्या गोदामात त्यांनी दहा मीटरची रेंज करून घेतली होती. ती जागा झाडायचं काम वडिलांकडं. शाळा सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर थांबायची आणि कोपऱ्यात पुस्तक वाचत बसायची.

एकदा मुलाला कंटाळा आला होता. त्यानं गंमत म्हणून रायफल माझ्या हातात दिली. मी मारत गेले. तो लक्ष्याचा कागद काढून आणायला गेला आणि तिथंच उभा राहिला.

“मामा,” तो माझ्या वडिलांना म्हणाला, “तुमची पोरगी एकाच भोकातून मारतीय.”

अण्णासाहेबांनी कागद पाहिला. मला नाही पाहिलं. म्हणाले, “मुलींच्या गटात आपल्या क्लबचं नाव लागंल. येऊ द्या तिला.”

अशी मी नेमबाज झाले.

या खेळात आमच्यासारख्याला घरून काय आणता येतं? डोळा आणता येतो. श्वास आणता येतो. काळजाच्या दोन ठोक्यांच्या मधे एक रिकामी जागा असते, तिथं चाप ओढायचा असतो, ती जागा आणता येते. बाकी सगळं दुसऱ्याचं. रायफल अण्णासाहेबांच्या मुलाची, जुनी. हातमोजा त्याचा. जाकीट त्याचं. रायफलीची किंमत वडिलांनी एकदाच विचारली. त्यानंतर तिच्यावरची धूळ पुसतानासुद्धा ते श्वास धरायचे.

छर्रे मोजून मिळत. संपले की घरी. म्हणून घरी मी भिंतीवर खडूनं टिंब काढायची आणि मुसळ खांद्याला लावून उभी राहायची. हात थरथरेपर्यंत.

आई म्हणायची, “लोकाच्या पोरी मुसळानं कांडत्यात. आमची मुसळानं माणसं मारती.”

वडील हसायचे. “टिंब मारती गं ती. माणूस न्हाई.”

लक्ष्याचा मधला ठिपका खसखशीच्या दाण्याएवढा असतो. मला तो दिसायचा. एवढ्या मोठ्या जगात मला काहीतरी इतकं स्पष्ट दिसतं, याचं मलाच नवल वाटायचं.

आता जाकिटाचं.

नेमबाजीचं जाकीट कॅनव्हासचं आणि चामड्याचं असतं. जाड. ते पाठीला धरून ठेवतं, म्हणून जड रायफल तासभर तोलता येते. माझ्या वाट्याला आलेलं जाकीट अण्णासाहेबांच्या मुलानं दोन-तीन हंगाम वापरलेलं होतं. कधी धुतलेलं नव्हतं. ही जाकिटं धूत नाहीत, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. काखेत घामाचे पिवळे नकाशे होते. गळ्याशी काळा थर. मी ते घालायची तेव्हा दुसऱ्याच्या अंगात शिरल्यासारखं वाटायचं.

आमच्या घरात एक नियम होता. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासूनचा. जुने देव गेले आणि त्यांच्या जागी हा नियम आला: मळकं अंगावर घालायचं नाही. आमच्या लोकांना ज्यांनी घाण म्हटलं, त्यांच्यासमोर स्वच्छ जायचं. वडील दर रविवारी भाताची पेज गाळून कांजी करायचे. आपले सदरे स्वतः धुवायचे, कांजीत बुडवायचे, झटकून वाळत घालायचे. शाळेतल्या कुठल्याही मास्तरापेक्षा त्यांच्या सदऱ्याची कॉलर कडक असायची. मास्तर चिडवायचे, “काय मामा, आज सायब आलं का शाळंत?” वडील घरी येऊन सांगायचे आणि म्हणायचे, “शिपाई हाय म्हणून शिपायासारखं दिसायचं कावून?”

पुण्याला जायच्या आधी त्यांनी जाकीट घरी आणलं.

आई म्हणाली, “राहू द्या तसंच. त्यांचं हाय ते.”

“पोरगी राज्याला चालली. मळकं घालून जाईल का?”

त्यांनी चामडं ओल्या फडक्यानं पुसलं. कॅनव्हासला साबण लावला, ब्रशानं घासलं. पाणी काळं निघालं, मग तांबूस, मग नितळ. मग त्यांनी घट्ट कांजी केली. रोजच्यापेक्षा घट्ट, कारण कापड जाड. भिंतीवर दुपारभर उलटंपालटं करत वाळवलं. वाळल्यावर त्यांनी ते अंगणात ठेवलं तर ते उभं राहिलं. आत माणूस नसताना. हात थोडे पसरलेले, छाती पुढं. आम्ही तिघंही हसलो. आई तर खाली बसून हसली.

मी ते घातलं. पाठ ताठ झाली. घामाचा वास गेला होता. भाताचा येत होता. मला ते पहिल्यांदाच माझं वाटलं.

पुण्यात तपासणीच्या टेबलावर एक यंत्र होतं. ते कापडावर दाबतात आणि कापड किती वाकतं ते बघतात. ठरलेलं तेवढं वाकायलाच हवं. जाकीट फार कडक असेल तर तेच खेळाडूला उभं धरतं, आणि ती फसवणूक मानतात. हे मला त्या टेबलापाशी कळलं.

अधिकाऱ्यानं यंत्र दाबलं. पुन्हा दाबलं. मग माझ्याकडं पाहिलं. “यात काय भरलंय?”

वडील मागं उभे होते. ते पुढं आले. “काय न्हाई सायेब. कांजी हाय.”

“काय?”

“कांजी. भाताची. मी घातली.”

रांगेतल्या एका मुलीची आई म्हणाली, “अगं, स्टार्च केलंय जाकीट!” आणि रांग हसली. वाईट हसू नव्हतं ते. तसं हसू वाईट नसतंच कधी, हसणाऱ्याला.

अधिकारी हसला नाही. म्हणाला, “गरम पाण्यातून काढा, वाळवा, दुपारी परत आणा. एकदा पुन्हा तपासता येतं. नाहीच जमलं तर तिला जाकिटाशिवायही खेळता येईल. तशी मनाई नाही.”

वडिलांनी जाकीट उचललं आणि ते पळत सुटले. गाड्या लावायच्या जागेजवळ नळ होता. गरम पाणी नव्हतं. त्यांनी नळ सोडला, जाकीट धारेखाली धरलं, दोन्ही हातांनी चोळायला लागले. बाह्या वर केल्या नव्हत्या. त्यांचा सदरा कोपरापर्यंत भिजला. मी रायफल घेऊन शेजारी उभी. मला वाटलं, होईल. ऊन आहे. वाळेल.

तेवढ्यात अण्णासाहेब आले. त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा आणि इतर जिल्ह्यांतली ओळखीची माणसं. कुणीतरी त्यांना आधीच सांगितलं होतं.

“बंद कर ते पाणी,” ते म्हणाले.

वडिलांनी नळ बंद केला नाही. “अण्णासाहेब, दुपारपर्यंत वाळतंय. तपासनीस म्हणले, परत बघतो.”

“बंद कर म्हणलं ना. आमच्या क्लबचं नाव कांजीत घातलंस, आता गावभर धू. शिपाई हायेस तू, शिपायाचं काम कर. कुणी सांगितलं होतं धुवायला?”

“मळलं होतं.”

हे एवढं एकच वाक्य वडील त्यांच्या समोर ताठ मानेनं बोलले असतील आयुष्यात.

अण्णासाहेब मग आवाज न चढवता, सोबतच्या लोकांकडं बघत म्हणाले, “ही लोकं धुवायला लई हुशार. धुवावं त्यांनी. नेम धरायचं आमच्यावर सोडावं.”

लोकांना ते आवडलं.

मग वडिलांनी हात जोडले. ओले हात. “चूक माझी झाली. पोरीची न्हाई. तिला जाकिटाशिवाय खेळू द्या. तेवढं करा.”

 अण्णासाहेबांनी हात पुढं केला. मी रायफल दिली. दिली म्हणते, पण त्यांनी ती घेतली. नळ चालूच होता.

परतीच्या गाडीत वडील खिडकीकडं बघत बसले. अहमदनगर गेल्यावर म्हणाले, “माय, भूक लागली का?” तेवढंच.

गावात आमच्याआधी गोष्ट पोचली होती. रेंजवर येणारी पोरं मला “कांजी” म्हणायला लागली. ते मी सोसलं. पण मग शाळेतली लहान पोरं वडिलांना म्हणायला लागली. घंटा वाजवायला ते उठले की मागून आवाज यायचा, “कांजीमामा!” पाचवीतलं पोर. त्याला काय माहीत पुणं आणि काय माहीत जाकीट. त्याला एवढंच कळलं होतं, की या माणसाला हे म्हटलेलं चालतं.

त्या रविवारी वडिलांनी पेज गाळली नाही. पुढच्याही रविवारी नाही. ते सदरे साध्या पाण्यातून काढून तसेच घालायला लागले. कॉलर पडलेली. आई एकदा म्हणाली, “मी घालू का कांजी?” ते म्हणाले, “कशाला. कोन बघतंय.”

कॉलेज, मग ग्रंथालयाचा अभ्यासक्रम, मग बीडला नोकरी. पुस्तकांच्या कपाटांमधून चालताना मला शांत वाटायचं. रायफल मी सोडून दिली होती. पण कधी कपाटाच्या टोकाला एखादी खूण, एखादा डाग दिसला, की डोळा आपोआप त्यावर बसायचा, श्वास आपोआप थांबायचा, आणि त्या डागाच्या जागी दोन ओले हात दिसायचे. मी नजर काढून घ्यायची.

वडील सेवेत असतानाच गेले. शाळेच्या व्हरांड्यात, बाकावर. हृदय.

त्यांच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम आमच्या विहारात झाला. भन्तेजींनी वंदना घेतली. मग दोन शब्द बोलायला अण्णासाहेब उठले. ते येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. आमच्या वस्तीत ते निवडणुकीलाच येत. लोक सावरून बसले.

ते चांगलं बोलले. प्रामाणिक सेवक म्हणाले. घड्याळ चुकेल, पण याची घंटा चुकायची नाही, म्हणाले. मग म्हणाले, “इतका भोळा माणूस मी पाह्यला न्हाई. पोरीच्या जाकिटाला कांजी घातली! मी म्हणलं, गड्या, हे काय लग्नातलं धोतर हाय का?”

आणि ते हसले. ते हसले की हसायचं, ही लोकांची सवय. माणसं हसली. आमची माणसं. माझे चुलते हसले. समोर फोटोला हार होता.

हसू संपल्यावर त्यांनी जाहीर केलं. रेंज नवी बांधणार. तिथं दरवर्षी वडिलांच्या नावाचा चषक. मला परदेशी जाकीट आणि नवी रायफल, क्लबतर्फे. मी पुन्हा खेळायचं. उद्घाटनाला फलकावर माझा फोटो. “आपलीच लेक हाय,” ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

मी उठले. मला बोलता येत नाही चारचौघांत, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून सगळे गप्प झाले.

मी म्हणाले, “माझ्या बापानं ते जाकीट धुतलं, कारण ते घाण होतं. ती घाण तुमच्या मुलाच्या अंगाची होती. आता हसा.”

कुणी हसलं नाही.

अण्णासाहेब सावकाश म्हणाले, “बस माय, बस. पोरगी दुःखात हाय. बाप गेलाय तिचा.”

“दुःखात हाय,” मी म्हणाले. “पण शुद्धीवर हाय. त्यांचं नाव तुमच्या चषकावर घालायचं न्हाई. तो चषक पुसायला आता शिपाई मिळायचा न्हाई तुमाला. रायफल नको. जाकीट नको. फोटो लावला तर मी येऊन फाडीन.”

ते गेले. त्यांच्यामागं अर्धी माणसं गेली. चुलते माझ्यावर धावून आले, “कावून बोललीस? पेन्शनचे कागद त्यांच्या टेबलावर हायेत, ठाऊक न्हाई का तुला?”

आई सतरंजी गोळा करत होती. ती थांबली. “बोलली ते बेस केलं,” ती म्हणाली. मग सतरंजी पुन्हा गुंडाळत, “पर भावजी म्हणत्यात ते बी खरं हाय. सही आता कोन करणार?”

सही झाली नाही. संस्थेच्या कार्यालयात रोज नवा कारकून नवं कारण सांगतो. मी शिक्षण खात्यात अर्ज केला, मग वर केला, मग त्याच्याही वर. मी ग्रंथालयात काम करते. मला कागद कुठं ठेवतात आणि कुठं लपवतात, दोन्ही कळतं. मी सोडणार नाही.

बीडमध्ये एक दुसरा हॉल आहे, तिथं रायफल भाड्यानं मिळते. मी जाते. जाकिटाशिवाय उभी राहते. रायफलीचं वजन सरळ कण्यावर येतं. जाकीट घातलेल्या मुली माझ्यापेक्षा पुढं राहतात. शिकवणारे म्हणतात, कुणाचं तरी घाल, उसनं घाल, हट्ट कशाला. मी घालत नाही. कुणाच्याही उपकाराचं कापड या अंगावर चढणार नाही, आणि मी नेम धरायच्या रेषेवरून हटणारही नाही. माझे गुण जे येतील ते माझ्या एकटीच्या हाडांचे.

वडिलांचे हात अजून येतात. चाप ओढायच्या आधी, त्या रिकाम्या जागेत, ठिपक्यासमोर येतात. पूर्वी मी नजर काढून घ्यायची. आता काढत नाही. ते तिथं असतानाच नेम धरायला शिकते आहे.

वडील नाहीत. आईची पेन्शन सुरू झालेली नाही. पुढच्या महिन्यात जिल्ह्याची स्पर्धा आहे, आणि तिथं अण्णासाहेब प्रमुख पाहुणे आहेत. माझं नाव नोंदवलेलं आहे.